ताई, उतरायच्या वाटांसाठी मनापासून आभार

आदरणीय ताई,

आम्ही सगळे सुखरूप उतरलो हे तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर कळलं. पण फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितेय, कारण सलग काही शिखरांचा मोठा ट्रेक आखायला बसलेल्या कुणालाही तुम्ही दिलेलं उपयोगी पडेल.

आम्ही शिखरांची यादी घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही ती वाचलीत आणि पहिलाच प्रश्न खिंडींबद्दल विचारलात: "या दोन माथ्यांच्या मध्ये किती खाली उतरताय?" मग नकाशा पसरलात आणि आमच्या हातात पेन्सिल दिलीत. वीस मीटरला एक कॉन्टूर रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा. पेन्सिलीचं टोक एकेका रेषेवर टेकवत माथ्यापासून खिंडीपर्यंत मोजत गेलो, तर बावीस रेषा भरल्या. म्हणजे 440 मीटर उतरायचं आणि पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं. नकाशावर ती शिखरं बोटभर अंतरावर होती. आमच्या यादीतल्या प्रत्येक जोडीचा असा हिशेब तुम्ही आमच्याकडूनच करून घेतलात, स्वतः एकही आकडा सांगितला नाहीत. तो धीर फार कमी लोकांकडे असतो.

वेळ काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला नियम तुम्ही शिकवलात. सपाटीवर ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. 12 किलोमीटरची चाल आणि 1500 मीटर चढ असेल तर जवळपास पाच तास. "पण हा ताज्या दमाच्या आणि न थांबणाऱ्या माणसाचा वेळ आहे," असं म्हणून तुम्ही पाठीवरच्या सॅकसाठी तो दीडपट करायला लावलात, आणि पुढच्या दिवसांना थकव्यासाठी आणखी वाढवायला. चमूचा वेग म्हणजे सर्वात हळू चालणाऱ्याचा वेग, हेही तेव्हाच ठरलं. ज्याच्यामुळे ठरलं त्याला तुम्ही जराही अवघडू दिलं नाहीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत.

पाण्याचं आणि थंडीचंही तसंच. डोंगराच्या धारेवर झरे क्वचितच असतात, ते खाली घळीत असतात. मग एक तर उतरा, नाही तर पाठीवर वाहा; आणि चार लिटर म्हणजे चार किलो. हवामानाचा अंदाज पायथ्याचा पाहून चालत नाही, कारण दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं. आमच्या पायथ्यात आणि माथ्यात 1800 मीटरचा फरक होता, म्हणजे सुमारे बारा अंश, वर वारा वेगळाच. त्यानंतर सॅकमध्ये काय घ्यायचं यावर फारशी चर्चा उरलीच नाही.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते तुम्ही आमच्याकडून करून घेतलेल्या नियोजनाच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यासाठी. "इथून बाहेर कुठून पडाल?" प्रत्येक टप्प्यापुढे तुम्ही हे लिहायला लावलंत. कुठे बाजूची सोंड, म्हणजे मुख्य धारेपासून खाली उतरणारा डोंगराचा फाटा, सौम्य उताराने जंगलात जाते, कुठे घळ दिसते सोपी पण खाली कड्यावर संपते, कुठे दोन्ही बाजूंना कडेच आहेत आणि पुढे जाणं किंवा मागे फिरणं एवढंच हातात राहतं. असे टप्पे तुम्ही लाल रेघेने दाखवलेत आणि प्रत्येकापुढे अट लिहून घेतलीत: सकाळी अकराच्या आत, आकाश मोकळं असेल तरच. नाही तर खिंडीतूनच डावीकडची सोंड.

ताई, ती सोंड आम्हाला घ्यावी लागली. सकाळ स्वच्छ होती. खिंडीत पोचेपर्यंत पश्चिमेला ढग उभे राहिले आणि गडगडाट ऐकू आला. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजलं तर तीस सेकंदही भरेनात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वादळ दहा किलोमीटरच्या आत. पुढे लाल रेघेची धार होती आणि तिच्यापलीकडे आम्हा सगळ्यांना सर्वात जास्त हवं असलेलं शिखर. तक्ता उघडला, वाचला आणि डावीकडे वळलो. कुणी वाद घातला नाही, कुणाचा चेहरा पडला नाही. तो निर्णय आम्ही तुमच्या टेबलाशी, कोरड्या कपड्यांत आणि शांत डोक्याने आधीच घेतला होता. खालच्या वाटेने पुढचा मुक्काम गाठला आणि बाकीची शिखरं ठरल्याप्रमाणे केली. ते एक राहिलं.

तक्त्याची प्रत तुम्ही स्वतःकडे ठेवलीत: रोजचा मार्ग, मुक्काम, तंबूंचे रंग, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला कळवायचं ती वेळ. वळसा घेतला त्या दिवशी आमचा निरोप त्या वेळेच्या जेमतेम आधी पोचला. तुम्ही हातात फोन घेऊन बसला होतात हे नंतर कळलं. ते ऋण शब्दांत मावणारं नाही.

सोबत तक्ता परत पाठवतेय. तुमच्याकडे बसून काढलेल्या अंदाजाशेजारी आम्हाला प्रत्यक्ष लागलेला वेळ निळ्या शाईत लिहिला आहे. उतारावर, विशेषतः घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीवर, सगळीकडे जास्त लागला. दुसऱ्या खिंडीखालचा झरा नकाशात आहे, पण आम्हाला कोरडा मिळाला, तिथे फुली केली आहे. डाव्या सोंडेवर जंगलात शिरण्याआधी वाट दोनदा फुटते, दोन्ही वेळा उजवीकडची धरायची. तुमच्याकडे पुढची मंडळी नियोजनाला येतील तेव्हा हा कागद त्यांच्यापुढे ठेवा.

तुमची कृतज्ञ,
त्या चमूतली एक