डग्ग्याचा हात

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

माझी मान दुखायची थांबली, म्हणून आमच्या घरी सगळे निश्चिंत झाले आहेत. खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत जाणारी ती कळ आता रात्री उठवत नाही, हे खरे आहे. पण डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर, 'घे' हा बोल वाजवताना मधले बोट पुडीवर पडले हे आता हाताला कळत नाही, फक्त कानाला कळते, आणि तळहाताचा मागचा भाग रेटून घिस्सा काढायला गेलो की आवाज चढण्याआधीच कोपर ढिले पडते. सुधा म्हणते, "कळ गेली ना, मग ताकदही येईल." तिचे चुकते असे नाही, पण डग्गा हरवणे म्हणजे काय, हे तुझ्याखेरीज मी कोणाला सांगणार?

एमआरआयमध्ये मानेच्या सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली गादी डावीकडे सरकलेली दिसते. तिचा फुटलेला तुकडा सातवी नस जिथून बाहेर पडते त्या भोकाच्या तोंडाशी अडकला आहे. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स, मनगट खाली दाबणारे स्नायू आणि मधल्या बोटाची संवेदना, हे सगळे या एकाच नसेकडे. म्हणजे डग्ग्याचा सगळा कारभारच तिच्या हाती. सर्जनांनी माझी मान मागे आणि डावीकडे झुकवून डोक्यावर हलका दाब दिला, तेव्हा ती जुनी कळ थेट बोटापर्यंत उतरली. ट्रायसेप्सची ताकद त्यांनी पाचापैकी चार लिहिली आहे. डावा हात डोक्यावर ठेवला की नसेवरचा ताण कमी होतो, म्हणून मधल्या काळात मी तसाच बसत असे. शिकवणीतल्या सर्वांत लहान मुलाला ती आपल्या घराण्याची बैठक वाटली आणि तोही डोक्यावर हात ठेवून कायद्याचे, म्हणजे तबल्यातल्या रचनेचे, बोल म्हणू लागला! गुरुजी असते तर त्यांनी त्या पोराला पेढा दिला असता.

सर्जनांचे म्हणणे मला पटते. अशी सरकलेली गादी पुष्कळांच्या बाबतीत औषधे, व्यायाम आणि विश्रांती यांवर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शांत होते. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच शोषून घेऊ शकते, त्यामुळे केवळ दुखते म्हणून घाईने ऑपरेशन करायचे नसते. मात्र ताकद कमी होत चालली असेल, तर हिशेब बदलतो. कळ ओसरणे आणि नस सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बराच काळ दबलेली नस सोडवली तरी गेलेले सगळे परत येईलच, अशी हमी कोणी देत नाही.

आता तुझ्याशी बोलायचा खरा भाग. अण्णांचे ऑपरेशन गळ्याच्या पुढून झाले होते, हे तू विसरला नसशील. पूर्ण गादी काढून तिच्या जागी आधाराला छोटा पिंजरा बसवला, पट्टी आणि स्क्रूंनी दोन मणके सांधले, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांना पेजही गिळवत नव्हती. पुढून गादी काढून मणके सांधायची ती मूळ पद्धत 1958 साली अमेरिकेत क्लॉवर्ड यांनी, आणि स्मिथ व रॉबिन्सन यांनी मांडली आणि आजही ती भरवशाची आहे. अण्णांच्या गादीने मधोमध मज्जारज्जूवरच दाब दिला होता. त्यांना सदऱ्याच्या गुंड्या लावता येईनाशा झाल्या होत्या, पाय अडखळत होते. तिथे पुढूनच जाणे योग्य होते. तेव्हा तू डॉक्टरांवर उगाच चिडलास, असे मी त्या वेळीही म्हटले होते आणि आजही म्हणतो.

माझा तुकडा कडेला आहे, म्हणून माझ्या बाबतीत सर्जनांना मानेच्या मागून जाता येते. मागची वाट काही नवी नाही. स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी ती 1944 सालीच दाखवली होती. नवी आहे ती दुर्बीण. मध्यरेषेपासून थोडे बाजूला सुमारे आठ मिलिमीटरची चीर, स्नायू न कापता फक्त बाजूला सारत आत जाणारी नळी, तिच्यातच कॅमेरा आणि दिवा, आणि सतत वाहणारे सलाइनचे पाणी, ज्यामुळे रक्त धुतले जाऊन नस स्वच्छ दिसते. बारीक ड्रिलने नसेच्या भोकाची कड घासायची, नस मोकळी करायची आणि खालचा तुकडा चिमट्याने ओढून काढायचा. सांध्याचा अर्ध्याहून अधिक भाग घासला तर मान अस्थिर होते, म्हणून तेवढी मर्यादा पाळायची. पट्टी नाही, स्क्रू नाहीत, मणके सांधणे नाही. मान पूर्वीसारखीच वळते. जर्मनीतील सेबास्टियन रूटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली 175 रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत काहींचे दुर्बिणीने मागून, काहींचे पुढून ऑपरेशन झाले होते, आणि दोन वर्षांनंतरचे निकाल जवळपास सारखेच होते.

एवढे वाचूनही भीती जात नाही. हत्यार नसेच्या अगदी अंगाला लागून चालते. नस दुखावली तर आज पाचापैकी चार असलेली ताकद आणखी घसरू शकते. गादी जागेवरच राहते, त्यामुळे तिचा आणखी तुकडा नंतर कधीतरी बाहेर येऊ शकतो. आणि हे कौशल्य हाताला बसायला वेळ लागतो. उस्ताद नुसता प्रसिद्ध असून भागत नाही, त्याचा हा विशिष्ट हात तयार हवा. त्यामुळे मानेची अशी किती ऑपरेशने केलीत, कमरेची नव्हेत, असे मी त्यांना सरळ विचारणार आहे.

"डाव्या हाताचे इतके लाड करू नकोस, लोक उजव्या हाताची चाट ऐकायला येतात," हे तुझे वाक्य मला अजून मान्य नाही. त्या भांडणाचा निकाल गुरुजींनी दिला नाही आणि आपणही लावू शकलो नाही. पण माझा डग्गा दोषासकट ओळखणारा कान तुझाच आहे. मला स्वतःला आता कळत नाही, की ताकद खरोखर घटते आहे की मी घाबरून हलका वाजवतो आहे.

आईचा गुडघा तसाच आहे, बाकी सर्व ठीक. गायत्रीचा बारावीचा अभ्यास कसा चालला आहे? नव्या घरात गळती थांबली का? वहिनींना नमस्कार सांग.

सोमवारी सर्जनांना ऑपरेशनसाठी होकार किंवा नकार कळवायचा आहे. तू शनिवारी मुक्कामालाच ये. मी विलंबित तीनताल वाजवीन, तू माझ्याकडे पाठ करून बस आणि पूर्वीचा घुमारा किती उरला आहे ते माझी भीड न धरता सांग. सोमवारी दवाखान्यातही बरोबर चल. अण्णांच्या वेळी विचारायचे राहून गेलेले प्रश्न तुझ्याकडे असतील, ते लिहून आण.

तुझा,
वसंता