कुवेतचा धूर आणि भारताची राहिलेली सही : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री,
सादर नमस्कार.

युद्धात कसे वागावे याचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, भारताने आजवर स्वीकारलेला नाही. निसर्गाचे व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर नुकसान होईल अशा रीतीने युद्ध करण्यास त्यातली ३५ आणि ५५ ही कलमे मनाई करतात. भारताने तो स्वीकारावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आखातात कमावणारे माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. त्यामुळे कुवेत आम्हाला परके नाही. १९९१ च्या सुरुवातीला, बळकावलेल्या कुवेतमधून माघार घेताना इराकी सैन्याने तिथल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर विझायला ६ नोव्हेंबर उजाडला. मधले सगळे महिने लोक भरदुपारी गाड्यांचे दिवे लावून फिरत होते, आणि पाऊस पडला की अंगावर काळे, तेलकट थेंब येत होते. वरची काजळी ऊन शोषून घेई, त्यामुळे ती हवा तापे आणि खालची जमीन मात्र गार पडे. दाट धुराखाली दिवसाचे तापमान कित्येक अंशांनी उतरले होते.

हा धूर दक्षिण आशियातली शेती विस्कटून टाकेल, अशी भीती कार्ल सेगन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तेव्हा व्यक्त केली होती. तसे झाले नाही, कारण धूर बहुतेक करून पाच-सहा किलोमीटरच्या खालीच राहिला आणि काजळी पावसाबरोबर खाली आली. तो आणखी वर, पाऊस पोचत नाही अशा थरात गेला असता, तर कितीतरी जास्त काळ तिथेच राहिला असता. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याचे भवितव्य अशा योगायोगावर सोडायचे का?

धुळीची कथा तर विझलेल्या विहिरींबरोबर संपलीही नाही. वाळवंटावर बारीक खडीचा पातळ थर असतो आणि तोच खालची माती धरून ठेवतो. रणगाड्यांनी, खंदकांनी आणि सुरुंगांनी तो फोडला. मोकळी झालेली वाळू मग उन्हाळ्यात वायव्येकडून येणारे शमाल वारे उचलू लागले. विहिरींतून उसळलेल्या तेलाची जमिनीवर तळी साचली, आणि काही ठिकाणी काजळी, तेल व वाळू मिळून डांबरासारखा कडक पापुद्रा तयार झाला. खडीचा तो थर पुन्हा धरायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेचा ६८७ क्रमांकाचा ठराव झाला. पर्यावरणाच्या हानीलाही इराक जबाबदार आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि त्याने ठरावाच्या बाजूने मत दिले. सगळ्या प्रकारच्या दाव्यांपोटी मिळून ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले, शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत. पण हे घडले ते इराक हरला म्हणून. जिंकणाऱ्याने विहिरी पेटवल्या असत्या, तर त्याला कोणी विचारले असते? दुसऱ्याला जी जबाबदारी आपण मत देऊन लावली, तिच्यामागचा नियम स्वतःला लावून घ्यायला आपण का कचरतो, हे मला समजत नाही.

हवामानात मुद्दाम फेरफार करून त्याचा शस्त्रासारखा वापर करू नये, या १९७६ च्या करारात भारत आहे. तेलविहिरी पेटवणे मात्र त्यात धड बसत नाही, म्हणून तेवढ्यावर भागणार नाही.

प्रोटोकॉलमध्ये मुक्तिलढ्यांनाही दोन देशांतल्या युद्धाचे नियम लावणारे कलम आहे आणि त्यामुळे काही देश बिचकतात, याची मला कल्पना आहे. पण ब्रिटनने १९९८ मध्ये आणि फ्रान्सने २००१ मध्ये आपापल्या हरकती लेखी नोंदवून तो स्वीकारला. ती वाट आपल्यालाही मोकळी आहे. ३५ आणि ५५ या कलमांवर सरकारची नेमकी भूमिका काय, याचे निवेदन आपण येत्या अधिवेशनात संसदेत करावे, ही विनंती.

आपला नम्र,
भूगोलाचा एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा