स्वतःच्या गाण्यांना मंच हवा

इन्स्टाग्रामवर गिटार वाजवणारी आपली गोव्यातली मुले पाहिली की त्यांच्या मेहनतीचे खरेच कौतुक वाटते. हात तयार आहे, सूर पक्का आहे. पण बहुतेक जण आधीच रेकॉर्ड केलेल्या आयत्या साथीच्या ट्रॅकवर दुसऱ्यांचीच गाणी वाजवतात. बँडमध्ये एकत्र वाजवताना ड्रमर लय किंचित मागे खेचतो, बासवाला त्याला सांभाळून घेतो आणि गिटारवाल्याला ऐनवेळी आपली जागा शोधावी लागते. हे शिक्षण मोबाईलसमोर एकट्याने बसून कसे मिळणार?

घरी रेकॉर्डिंग करण्याला माझा विरोध मुळीच नाही. आपले गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या घरीच चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंग यंत्रावर अल्बम केला आणि कॅसेटी स्कूटरवरून स्वतः विकल्या. पण गाणी त्यांची होती!

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आणि लग्नांत बँडकडे ओळखीचीच गाणी मागतात. मालकांनी निदान अर्धा तास नव्या गाण्यांना द्यावा. कला अकादमीनेही महिन्यातली एक संध्याकाळ स्थानिक बँडच्या कोकणी-मराठी रचनांसाठी राखावी. तिकीट माफक असावे, पण असावे जरूर. वादकांना मानधन मिळालेच पाहिजे.

– एक संगीतप्रेमी वाचक, म्हापसा