खोडदहून आई-बाबांना

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं पुरं होत नाही. दुर्बिणीच्या आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो आणि मी घरी पोचते तोवर तुमची निजानीज झालेली असते. म्हणून पत्र. बाबांना प्रश्न पडलाय की मोठी खुर्ची मिळाली खरी, पण आता माझा खगोलशास्त्राशी संबंध काय उरला. आईचं म्हणणं सरळ आहे: ऐरोलीच्या त्या कंपनीत दुप्पट पगार, वर नौपाड्यातून जाऊन-येऊन करता येईल. ऐरोलीला मी नाही म्हणून कळवलंय. रागवा, पण सगळं वाचून रागवा.

बाबा, वागळे इस्टेटमध्ये तुम्ही पाळ्या सांभाळल्यात, तुम्हाला हे पटकन कळेल. जीएमआरटी, म्हणजे आमची ही रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण, एकच म्हणायची, पण आहेत त्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ इथे मध्यभागी, साधारण एक किलोमीटरच्या चौकात. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, आजूबाजूच्या गावांच्या शिवारात. टोकाच्या दोघींमध्ये पंचवीसेक किलोमीटर अंतर. सगळ्यांनी एकाच वेळी आकाशातल्या एकाच जागेकडे तोंड करायचं, सिग्नल ऑप्टिकल फायबरनं मधल्या इमारतीत येतात आणि तिथे त्यांचा मेळ घातला जातो. लांबची एखादी बंद पडली तरी चित्र मिळतं, पण बारकावा जातो. (मधल्या अँटेनांचे क्रमांकही गमतीशीर आहेत. सी-०६ नंतर एकदम सी-०८. नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात सी-०७ शोधत फिरतो आणि कोणी त्याला काही सांगत नाही.)

जगभरातले शास्त्रज्ञ इथल्या वेळेसाठी अर्ज करतात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन हंगाम, आणि मागणी दर वेळी हातात असलेल्या तासांपेक्षा जास्त. माझं काम एवढंच की ज्याला जो तास दिला, त्या तासाला अँटेना चालू हव्यात आणि चालवणारी माणसं जागी, जेवलेली आणि एकमेकांशी बोलत असलेली हवीत. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

मेकॅनिकलला आमचे एक काका आहेत, लवकरच निवृत्त होतील. नव्वदच्या दशकात अँटेना उभ्या राहत होत्या तेव्हापासून इथले. परवा त्यांच्याबरोबर डब्ल्यू-०६ला, म्हणजे पश्चिमेच्या फाट्यावरच्या एका अँटेनाला, गेले होते. अँटेना फिरवायला प्रत्येक दिशेला दोन मोटारी असतात आणि त्या एकमेकींना किंचित उलटा ताण देत चालतात, म्हणजे गिअरच्या दातांत ढिलेपणा (बॅकलॅश) राहत नाही. काकांनी लांब पान्याच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. कंट्रोल रूमला सांगून अँटेना थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे फिरवायला लावली. मग म्हणाले, "दात चांगले आहेत. डावीकडचं बेअरिंग पावसाळ्याआधी बदला." शेजारी दोन तरुण इंजिनिअर कंपन मोजायचं यंत्र घेऊन उभे. त्यांच्या आलेखातही त्याच बाजूला उंचवटा होता, फक्त त्यांना तो उंचवटा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मी त्या दोघांना आता काकांच्या हाताखालीच दिलंय. दोघांनाही ते फारसं रुचलेलं नाही, एकाला सॉफ्टवेअरकडे जायचं होतं. काकाही कुरकुरतात, "मॅडम, पोरं दोन वर्षांत चाकणला पळतात, कशाला शिकवू?" खोटं नाही ते. शिकलेली मुलं कारखाने उचलून नेतात आणि पगारात मी त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. पण ही माणसं निवृत्त झाली की त्यांच्या कानातलं ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जाईल. माझ्या टेबलावरची सगळ्यात मोठी काळजी हीच, आणि ती कुठल्याही शोधनिबंधात येत नाही.

बाबा, मागे तुम्ही विचारलं होतंत की जाळीतून वारा जातो, पाणी जातं, मग रेडिओलहरी कशा अडतात. अँटेनाची तबकडी तारेच्या जाळीची, चाळणीसारखी आहे. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची आणि आम्ही ऐकतो त्या लहरी २१ सेंटिमीटरपासून वरच्या, त्यांना ती जाळी म्हणजे सलग पत्राच. जाळी हलकी म्हणून खांब हलके, म्हणून खर्च कमी. ही दुर्बीण ज्यांनी उभी केली त्या शास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांची ही कल्पना. तरीही वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की निरीक्षण थांबवून तबकड्या सरळ आकाशाकडे करून ठेवाव्या लागतात. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी चारनंतर कंट्रोल रूममध्ये सगळ्यांचं अर्धं लक्ष वाऱ्याच्या आकड्यावर असतं. थांबवायचं कधी, हे पाळीवरच्या ऑपरेटरनं ठरवायचं. मी आल्यावर पहिला नियम केला की त्यानं थांबवलं तर दुसऱ्या दिवशी कोणीही, मीसुद्धा, जाब विचारायचा नाही.

रात्रपाळीचं आणखी एक. जुन्नर तालुक्यात उसात बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे. अंधार पडल्यावर दुचाकीवरून कामावर यायचं नाही, गाडी घरापासून आणेल आणि सोडेल, असं ठरवलं. डिझेलच्या बिलावरून एका बैठकीत बरंच ऐकून घेतलं. आई, हे वाचून घाबरू नकोस, मी गाडीतच असते.

आणि दिवाळी! बाबा, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची पाळी कोणाला द्यायची यावर तुमच्याकडे युनियनपर्यंत गोष्ट जायची, आठवतं? इथे दिवाळीबरोबर गावोगावच्या जत्राही आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या की रजेचे अर्ज येऊ लागतात. तारे मात्र सुटी घेत नाहीत. काही पल्सार, म्हणजे घड्याळासारखे नियमित ठोके देणारे तारे, वर्षानुवर्षं ठरावीक दिवसांनी मोजत राहावे लागतात, मधली फेरी चुकली तर मोजणीत भोकं तशीच राहतात. २०२३च्या जूनमध्ये विश्वात सतत चाललेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं, त्यात युरोपच्या दुर्बिणींबरोबर इथली मोजमापं होती. त्यातल्या कित्येक रात्री कोणाच्या तरी घरच्या जत्रेच्या असणार. माझा विज्ञानाशी संबंध काय, तर हा आहे.

गोंगाटाचं, म्हणजे दुर्बिणीत घुसणाऱ्या नको त्या रेडिओलहरींचा उगम शोधण्याचं, काम मला मनापासून आवडतं. दूरच्या हायड्रोजनचा आवाज इतका क्षीण की विजेच्या खांबावरचा एक तडकलेला इन्सुलेटर ठिणग्या टाकू लागला तरी तो बुडतो. मग आमची माणसं गाडीवर छोटी अँटेना लावून शिवारात हिंडतात आणि खांब शोधून काढतात. कधी उगम कोणाच्या घरातल्या टीव्हीच्या बूस्टरमध्ये निघतो. तिथे नियम दाखवून काही होत नाही. ओट्यावर बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, द्राक्षांचा भाव विचारावा लागतो, मग बूस्टर निघतो. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गावरून झालेली चर्चा पेपरात वाचलीत ना, ती याच गोंगाटामुळे.

आई, "आडगावात जाऊन पडलीस" असं तू म्हणतेस. पण या सगळ्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. १९६५ साली गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या कल्याणला उभारल्या आणि सूर्य ऐकायला सुरुवात केली. तिथून उटी, उटीहून खोडद. कल्याणला आज तशी शांतता कुठे मिळणार? दुर्बीण गावाकडे सरकली आणि तिच्यामागे मीही.

एवढं सांगून झाल्यावर आता मुद्द्याचं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. त्या सुमारास इथे प्रदर्शन असतं, शाळांच्या बसच्या बस येतात. दोघंही या. ठाण्याहून कल्याण, तिथून माळशेजमार्गे जाणारी एसटी धरून आळेफाट्याला उतरा, मी गाडी घेऊन येईन. घाटात आईला मळमळतं, खिडकीजवळची जागा धरा आणि आवळा सुपारी जवळ ठेवा. बाबांच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आणा, चार दिवसांत परत पाठवणार नाही. दादानं दिलेलं ते स्मार्ट घड्याळ घरीच ठेवा, फाटकावर काढून घेतात आणि मग तुम्ही वॉचमनशी वाद घालाल. काकांना तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय. त्यांना वागळे इस्टेटच्या जुन्या लेथबद्दल बरंच विचारायचं आहे.

तुमची,
मीनू