मानशीवर जाण्याआधी

डिचोली

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तिसवाडीतल्या खाजन गावात (म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या गावात) फील्डवर्क करायचं तुझं नक्की झालं, प्रश्नावलीही तयार झाली, हे फोनवर कळलं. ती प्रश्नावली पहिले पंधरा दिवस पिशवीतच राहू दे. आधी घरांची यादी कर आणि गावाचा नकाशा हातानं काढ: वाडे (वस्त्या), बांध, मानस (बांधातलं पाण्याचं फळ्यांचं दार), देऊळ, इगर्ज (चर्च), तावेर्न (दारूचं दुकान). नकाशा बघितला की लोक आपणहून चुका दाखवतात. कोण कुठली हद्द दुरुस्त करायला सांगतो, तेही टिपून ठेव.

मग वंशावळ. त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री. 1898 च्या ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी वंशावळी गोळा करायची पद्धत बसवली, ती अजून उपयोगी पडते. लोक लग्न होऊन गेलेल्या मुली, निपुत्रिक काका आणि लहानपणी गेलेली भावंडं सांगायची विसरतात. त्यांच्याबद्दल वेगळं विचारावंच लागतं. गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्यांच्या, घरी वांगड (कूळशाखा) कोणता तेही विचार.

आता टिपणं. सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यायचे. मुलं लिहितात, “संध्याकाळी गावकरी मिळून मासे धरत होते.” यातून काहीच हाती लागत नाही. असं लिही: “5.40. ओहोटी. मानशीपाशी तिघे. एकानं फळी वर ओढली, दुसरा जाळ्याची दोरी खांबाला बांधतो. तिसरा बांधावर बसून सूचना देतो, कशालाही हात लावत नाही.” तिसरा कोण, हा तुझा दुसऱ्या दिवसाचा प्रश्न. कदाचित लिलावात मानस, म्हणजे तिथे मासे धरायचा हक्क, त्यानंच घेतली असेल, कदाचित नसेल. अंदाज समासात लिही, मजकुरात मिसळू नकोस. कुणाचे नेमके शब्द असतील तर दुहेरी अवतरणात, आठवणीतून लिहिलेले एकेरीत. बोलणं कोंकणीत झालं तर शब्द कोंकणीतच ठेव.

खिशातल्या वहीत दोन-चार शब्द टिपायचे आणि त्याच रात्री झोपण्याआधी पूर्ण लिहायचं. गावात तासभर घालवलास तर लिहायला दोन तास धर. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून सरसकट सगळं रेकॉर्ड करू नकोस. शिवाय यंत्र बंद केल्यावरच लोक मोकळं बोलतात.

रोज एकाच वेळी जाऊ नकोस. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. भरतीचं पाणी दाबून मानशीच्या फळ्या बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी त्या उघडतं. मासे धरायची वेळ त्यावर ठरते, बऱ्याचदा रात्री. रात्री जायचं तर ओळखीच्या घरातलं कुणी तरी सोबत घे, आणि कुठे आहेस ते मला कळव.

“बांध का फुटला?” असं विचारू नकोस, ठरीव उत्तरं मिळतील. “गेल्या वेळी फुटला तेव्हा माती कुणी टाकली, पैसे कुणी दिले?” असं विचार. गोव्यातल्या 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी गावकारीची (गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) की कुळांच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्यांच्या, संघटनेची, हा वाद बऱ्याच गावांत आहे, त्यामुळे या साध्या प्रश्नाखाली जमिनीचं जुनं भांडण दडलेलं असतं. म्हणूनच भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरी मुक्काम ठेवू नकोस. एकदा का तू त्यांची पाहुणी ठरलीस, की मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) तुला चहा देतील, माहिती देणार नाहीत. राहायला खोली भाड्यानं घे, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाड्यावर जाऊन ये.

संमती प्रत्येकाकडून घ्यायची, आणि तीही पुन्हा पुन्हा. कागदावर सही मागितली की जमिनीच्या वादात अडकलेली माणसं बिचकतात. तोंडी संमती आणि तिची तारीख वहीत चालेल का, हे मार्गदर्शकांना आधी विचार. नाव बदललंस तरी ‘मानशीचा लिलाव घेणारा’ म्हटलं की अख्ख्या गावाला तो कोण ते कळतं. अशा जागी व्यवसायच गाळावा लागतो, किंवा दोन माणसांची माहिती वेगवेगळ्या प्रकरणांत विभागावी लागते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तू पदवी घेऊन पणजीला परतशील, ती माणसं मात्र तिथेच त्याच शेजाऱ्यांत राहणार.

पहिल्या आठ-दहा पानांवरची नावं झाकून फोटो पाठव. समासात शेरे मारून परत करतो.

तुझे,
बाबा