रिबेकाचं बिऱ्हाड

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, परत खोकी भरायची. सात वर्षांत हे चौथं घर." पुढे तुला बोलवेना, आणि मलाही काही सुचेना. पण लेक्सिंग्टनहून सेंट लुईस, म्हणजे केंटकीतून मिझुरीत, हे ऐकल्यापासून मला रिबेका आठवते आहे.

मागच्या उन्हाळ्यात तू मला बून्सबरोचा किल्ला दाखवलास. ओंडक्यांच्या खोल्या, मधे अंगण, आणि जो तो डॅनियल बूनबद्दल बोलतोय, केंटकीत वस्ती करणाऱ्या त्या नावाजलेल्या शिकाऱ्याबद्दल. इकडे आल्यावर त्या घराण्याविषयी मिळेल ते वाचलं आणि त्याच्या बायकोपाशीच अडकले.

१७५६ साली लग्न झालं तेव्हा रिबेका १७ वर्षांची होती. नवरा शिकारीला जाई तो महिनोन् महिने येत नसे. १७६९ मध्ये केंटकीत गेला, तो परतला दोन वर्षांनी. शेत, गुरं, चूल सगळं हिच्यावर. पोटची दहा मुलं, शिवाय नात्यातली पोरकी पोरंही तिनेच वाढवली.

१७७३ मध्ये सगळं बिऱ्हाड घेऊन ते केंटकीला निघाले. थोरला जेम्स, १६ वर्षांचा, सामान घेऊन मागून येत होता. १० ऑक्टोबरला पहाटे त्याच्या तळावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जथ्याने हल्ला केला. पोराचे हाल करून मारलं. त्याला पुरायला माणसं निघाली, तेव्हा रिबेकाने बांधलेल्या सामानातून एक लिननची चादर काढून दिली म्हणतात. पोराच्या अंगाला नुसती माती लागू नये म्हणून. मी इथे वाचन थांबवलं आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

तरी ज्यांनी मारलं त्यांना नुसतं क्रूर म्हणून मला पुढे जाता येत नाही. दीड वर्षाने, १७७५ च्या मार्चमध्ये, हेंडरसन नावाच्या माणसाच्या जमीन कंपनीने केंटकीची जमीन चेरोकी या तिथल्या मूळ जमातीकडून विकत घेतली. शॉनी या दुसऱ्या जमातीचीही ती शिकारीची भूमी, पण त्यांना कोणी विचारलं नाही. तुझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. जमीन गेलेली माणसं मी घरात पाहिली आहेत, मनू. म्हणून रिबेकासाठी रडताना त्यांनाही विसरू नये असं मला वाटतं.

१७७८ मध्ये मीठ करायला गेलेल्या डॅनियलला शॉनींनी पकडून नेलं. तो गेलाच असं समजून रिबेका मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला माहेरच्या माणसांत परतली. लग्न झालेली मुलगी जेमायमा मात्र बून्सबरोच्या किल्ल्यातच राहिली. जूनमध्ये तो १६० मैल तुडवत पळून आला, तेव्हा घरी भेटली ती ही लेक. १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इस्रायल गेला.

एवढं सोसून जमीन तरी उरावी! तीही नाही. तिथे सातबारा कुठला? अमक्या ओकपासून तमक्या ओढ्यापर्यंत अशी मोजणी, एकाच तुकड्यावर तिघाचौघांचे दावे. कोर्टकज्ज्यांत बहुतेक सगळं गेलं. १७९९ मध्ये म्हातारी जोडी पुन्हा निघाली, मिझुरीला. तेव्हा तो स्पेनचा मुलूख होता. साठीची रिबेका पुन्हा नव्या चुलीपुढे बसली. तिथे मिळालेली जमीनही कागद पक्के नाहीत म्हणून गेली. १८१४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ती परत दिली खरी, पण रिबेका त्याआधीच्या वर्षी, १८१३ च्या मार्चमध्ये वारली होती. शेवटी आजारी पडली ती मेपलचा रस आटवत असताना. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटवतात, तसाच तोही मोठ्या कढईत तासन् तास आटवावा लागतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती बाई हे करत होती.

हे सगळं तुला "बघ, तिने केलं, तूही कर" म्हणून लिहीत नाही. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. तुला विचारलं का, एवढंच मला कळायला हवं आहे. मनात असेल ते जावईबापूंशी नीट बोल. माझ्याशीही बोल, रात्र असली तरी.

तिला पुरलं ते मार्थासव्हिलजवळ. तुझ्या नव्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. मी मार्चमध्ये येते आहे, दोघी मिळून जाऊ.

तुझी,
आई