ऑपरेशन थिएटरमधल्या टेक्निशियन दादांना, आभारपूर्वक

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

मेंदूतला पू काढायला टेट्रालॉजीचं (या जन्मजात हृदयदोषाचं) निळं मूल टेबलावर येतं, तेव्हा घरचे लोक सर्जनचे आभार मानतात, क्वचित आम्हा भूलतज्ज्ञांचेही. तुमचं नाव डिस्चार्ज कार्डावर नसतं. म्हणून हे जाहीर पत्र.

या मुलांच्या हृदयातल्या पडद्याला भोक असतं आणि फुफ्फुसाकडची वाट अरुंद. बरंचसं अशुद्ध रक्त फुफ्फुसाला वळसा घालून थेट शरीरात जातं. मेंदूत पू होतो तो त्यामुळेच. जंतू फुफ्फुसात गाळलेच जात नाहीत. हवेचंही तसंच. एरवी शिरेतून गेलेला बारीक बुडबुडा फुफ्फुसात अडकून विरतो, इथे तो मेंदूत पोचू शकतो.

म्हणून तुम्ही सलाइनचा सेट भरताना थ्री-वेचं (तीन तोंडांच्या तोटीचं) प्रत्येक तोंड फिरवून धुता, इंजेक्शनचं रबर उलटं धरून टिचक्या मारता. सलाइन गरम झालं की त्यात विरघळलेली हवा पुन्हा बाहेर येते, हे फार कमी जणांच्या लक्षात राहतं. तुम्ही मात्र वॉर्मर लावल्यावर नळी परत तपासता. सिरिंज उभी धरा, आधी थोडं मागे ओढा, शेवटचा थेंब ढकलू नका, असं नव्या रेसिडेंटना तुम्हीच दटावता. दटावत राहा.

दुसरं, फेनिलेफ्रिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं औषध. भुलीने रक्तवाहिन्या सैलावल्या की फुफ्फुसाकडे जाणारं रक्त आणखी घटतं आणि मूल बघता बघता काळंनिळं पडतं. तेव्हा 100 टक्के ऑक्सिजन, किलोला 10 ते 20 मिली सलाइन आणि गुडघे छातीशी. (डोकं सर्जनच्या ताब्यात असलं तरी पाय आपल्याकडेच असतात!) त्याच क्षणी औषध हातात लागतं, पातळ करत बसायला वेळ नसतो. 10 मिलिग्रॅमचा अँप्यूल 100 मिली सलाइनमध्ये, त्यातला 1 मिली घेऊन 10 मिली करायचा, म्हणजे मिलीला 10 मायक्रोग्रॅम. किलोला 5 मायक्रोग्रॅम धरले तर 12 किलोच्या मुलाला 6 मिली. पहिल्या पायरीवरचीच सिरिंज चुकून ट्रेमध्ये आली तर डोस दहापट होतो. तुम्ही पहिल्या पायरीची बाटली ट्रेमध्ये ठेवतच नाही, आणि लेबलावर औषधाच्या नावाआधी मिलीमागची मात्रा लिहिता.

फळ्यावर वॉर्डातलं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) लिहिलेलं असतं, हीसुद्धा मोठी मदत. 78 हा ज्याचा रोजचा आकडा, त्याचा 98 करण्याच्या मागे कुणी लागत नाही. आधी शंट (हाताच्या धमनीतून फुफ्फुसाकडे रक्त नेणारी जोडनळी) बसवलेला असेल तर त्या बाजूच्या हातावर बीपी खोटं, कमी दाखवतं. कफ दुसऱ्या हाताला बांधलेला आम्हाला आयताच मिळतो. मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं, लघवी वाढवणारं औषध) सुरू व्हायच्या आत लघवीची पिशवी लावलेली असते, त्यामुळे किती पाणी गेलं आणि किती भरून द्यायचं याचा हिशेब लागतो. ही मुलं कोरडी पडली की मुळातच घट्ट असलेलं रक्त आणखी घट्ट होतं. वॉर्डाला फोन करून, ऑपरेशनच्या 2 तास आधीपर्यंत साधं पाणी पाजा, असं खरं तर आम्ही सांगायला हवं. बहुतेक वेळा तुम्ही आधीच सांगून मोकळे झालेले असता.

एक विनंती. फेनिलेफ्रिनची ही कृती तुमच्या अक्षरात औषधांच्या कपाटावर चिकटवा, रात्रपाळीसाठी. लॅमिनेशन आम्ही करून देऊ.

आपले,
भूलशास्त्र विभागातले सहकारी